वाकस सुताराचं, पण कस्टमच्या लेखी कोणाचं?

फणसाची फळी:
आमच्या हौशी सुतारांच्या गटासाठी मराठीत एक पान लिहितोय. परदेशातून पटाश्या, रंधे, करवती मागवल्या तर कुठल्या कोडखाली येतात आणि ड्यूटी किती पडते, एवढंच. पहिल्याच ओळीत अडलो. 'हँड टूल्स'ला काय लिहू? 'हत्यारे' लिहिलं तर एकाने विचारलं, तलवारी आणताय का? 'हस्तावजारे' कुणाच्या तोंडात बसेना. आणि ड्यूटीला जकात म्हणायचं की सीमाशुल्क?

करवतकाठी:
हत्यारंच लिहा की. सुतार 'हत्याराला धार लावली' म्हणतो, 'अवजाराला' नाही. हत्यार शब्दात हात आहे, हत्या नाही. अवजार फारसीतून आलेलं आणि आपल्याकडे ते शेताकडे झुकलं, औत-अवजारं. रंधाही फारसी 'रंदा'च. करवत मात्र संस्कृत 'करपत्र'वरून. एका पेटीत किती गावची माणसं!

जकात नको. शब्द अरबी, जुना आणि भारदस्त आहे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगीज गोव्यातल्या बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, नाहीतर संगमेश्वरकडचं मीठ विकलं जाणार नाही म्हणून. ते अगदी आजच्या अर्थाचं आयात शुल्क. पण आता जकात म्हटलं की नाक्यावर उभे ट्रक आठवतात, आणि मुंबईची ती जकातही १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. सीमाशुल्क लिहा. त्यात निर्यातीवरचं शुल्कही येतं. फक्त आत येणाऱ्या मालाचं सांगायचं तर आयात शुल्क.

नाक्यावरचा:
क्लिअरिंगच्या, म्हणजे माल कस्टममधून सोडवायच्या, कामात वर्षं गेली, म्हणून नामांपेक्षा क्रियापदांवर बोलतो. कस्टमचं पुस्तक, म्हणजे मालाच्या कोडची यादी, हत्यार कुणाच्या हातात आहे ते फारसं विचारत नाही, ते काय काम करतं ते विचारतं. आणि मराठीत ही कामं इतकी वेगवेगळी आहेत की यादी पाठ करायला लागत नाही.

चिरणं: हातकरवत, ८२०२. घासणं: कानस, अगदी लाकडाची खडबडीत कानससुद्धा, ८२०३. रंधणं आणि कोरणं: रंधा, पटाशी, गोल पटाशी, ८२०५ ३०, जिथे 'लाकडावर काम करणारी' असं स्पष्ट लिहिलंय. छिन्नी दगडावर किंवा लोखंडावर चालवायची असेल तर ती इथे बसत नाही. इंग्रजीत दोघींना एकच शब्द, म्हणून वर्णनात 'लाकडासाठी' हे लिहायलाच हवं. ठोकणं: हातोडी, ८२०५ २०.

आणि तासणं. कुऱ्हाड, कोयता, वाकस (लाकूड तासायचं सुताराचं हत्यार) ही सगळी तासणारी मंडळी ८२०१ ४० मध्ये, म्हणजे कुदळ-फावड्याच्या घरात!

पॉलिशपेपर:
काहीतरीच. वाकस सुताराचं आहे, शेतकऱ्याचं नाही.

नाक्यावरचा:
मान्य, पण क्रियापद तासणंच ना? फरक पडतो तो जीएसटीत. ८२०१ मधल्या हाताने वापरायच्या शेतीच्या अवजारांवर जीएसटी शून्य आहे, ८२०५ वर १८ टक्के. सुतारी वाकस 'शेतीचं' ठरेल का, यावर अधिकाऱ्याशी वाद होऊ शकतो, म्हणून गृहीत धरून पैसे मोजू नका. जाता जाता, शब्दांच्या लोकांसाठी: त्या शून्य टक्क्याच्या इंग्रजी नोंदीच्या शेवटी 'घमेला वगळून' असं आहे. घमेल्याला तिथे इंग्रजी शब्द मिळालेला नाही.

फणसाची फळी:
मस्त. हिशोब कसा लिहू?

नाक्यावरचा:
पटाश्यांची किंमत भाडं-विमा धरून १०,००० रुपये समजा. मूळ सीमाशुल्क १० टक्के, १,०००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १००. मग ११,१०० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), १,९९८. एकूण ३,०९८. लोक १० आणि १८ मिळवून २८ टक्के धरतात आणि फसतात. करावर कर चढतो, म्हणून ३०.९८. बजेटनंतर दर एकदा बघून घ्यायचे. घरच्या वापरासाठी टपालाने आलेल्या पार्सलला ९८०४ हे वेगळंच हेडिंग (चार आकडी कोड) लागू शकतं, त्याचा हिशोब या गणितात धरू नका.

पॉलिशपेपर:
सहा पटाश्यांचा डबा आणला तर? 'सेट'चं वेगळं हेडिंग आहे ना, ८२०६?

नाक्यावरचा:
इथे 'संच' शब्द दगा देतो. ८२०६ साठी किरकोळ विक्रीच्या एकाच पॅकमध्ये ८२०२ ते ८२०५ यांपैकी किमान दोन हेडिंगांची हत्यारं हवीत, म्हणजे करवत आणि पटाशी एकत्र. सहा पटाश्या म्हणजे सहा पटाश्याच, ८२०५ ३०. धार लावायचा दगड ६८०४, मोजायची टेप ९०१७. पूर्ण लाकडी मोगरी तर हत्यारांच्या ८२ व्या प्रकरणातच नाही, ४४१७, लाकडाच्या वस्तूंत. उलट लाकडी रंध्याचं पातं पोलादी असतं आणि काम पातं करतं, म्हणून तो ८२ मध्येच राहतो.

करवतकाठी:
म्हणजे ठोकणाऱ्या मोगरीला क्रियापदाने वाचवलं नाही, तिथे लाकूड आडवं आलं.

नाक्यावरचा:
हो. ८२ व्या प्रकरणाची अटच ती आहे, काम करणारा भाग साधारणपणे धातूचा हवा. क्रियापद त्याच्यानंतर.

फणसाची फळी:
पहिली ओळ अशी केली: 'सुताराची हाताची हत्यारं (विजेवर चालणारी नव्हेत) बाहेरून मागवताना लागणारं आयात शुल्क.' कंसातलं मुद्दाम, मोटरवाली ८४६७ मध्ये जातात हे मला माहीत होतं. वाकसापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.