१९६१ ला दिनार १३ रुपयांना, आज अडीचशेपार: गोव्याने कमावलं की नुसता आकडा फुगला?

सांखळीकर
ज्या घरातलं कोणी कुवेतला आहे, तिथे रुपया घसरल्याची बातमी आली की चेहरे खुलतात. आमच्या घरातही खुलतात, खोटं कशाला बोलू. पण हा आनंद मला पटत नाही.

१९६१ च्या एप्रिलपर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, मोल मात्र आपल्या रुपयाएवढंच. वेगळ्या कशासाठी, तर सोन्याच्या तस्करीपायी. तस्कर इथल्या नोटा तिकडे नेऊन सोनं घ्यायचे आणि त्याच नोटा परत येऊन त्यांच्या बदल्यात आपल्याकडचे पौंड जायचे. मग कुवेतने स्वतःचा दिनार आणला: १३ रुपये ३३ पैसे, म्हणजे तेव्हाचा बरोबर एक पौंड. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पाठोपाठ इथलं पोर्तुगीज चलन एस्कुदो जाऊन रुपया आला. ते रुपयातून बाहेर पडले, आम्ही आत शिरलो!

६ जून १९६६ ला डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर गेला आणि दिनार एका रात्रीत २१ रुपयांचा झाला. आज अडीचशेच्या वर. आता हे बघा: १९६१ ला दिनार २.८० डॉलरचा होता, आज सव्वातीनच्या आसपास. साठ वर्षांत एवढाच फरक. तो चढला नाही, आपण उतरलो. पोरगा तिथे तेवढाच पगार घेतोय आणि आपण इथे पेढे वाटतोय.

कोलवाळकर
काका, पेढे आमच्या घरी वाटले जातात आणि वाटणारच. बाबा कुवेतला ड्रायव्हर होते. घराची स्लॅब, बहिणीची इंजिनिअरिंगची फी, सगळं दिनारमधून. पगार वर्षानुवर्षं वाढला नाही हे खरं, पण रुपया पडत गेला म्हणूनच तो पगार इथे पुरला. महागाईने खाल्लं म्हणाल, तर ती शेजाऱ्यालाही खात होती. त्याच्याकडे दिनार नव्हता, आमच्याकडे होता. तुम्ही देशाचा हिशेब मांडताय, आम्ही घराचा.

डिचोलीकर
सांखळीकर, चलनाच्या आकड्यावर देशाची अब्रू मोजायची नसते. जपानचा येन अजून एका रुपयाहून लहान आहे. मग जपान आपल्याहून गरीब का? कुवेतने पौंडाएवढं मोठं नाणं निवडलं म्हणून दिनार मोठा दिसतो, एवढंच.

आणि रुपया पडण्याचा फायदा फक्त गल्फवाल्यांना नाही. आमच्या तालुक्यातलं लोहखनिज मुरगावहून जपानला जायचं, भाव डॉलरमध्ये. रुपया पडला की खाणमालकाच्या हातात जास्त रुपये. २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत अर्धी डिचोली त्याच जोरावर चालली. ट्रकवाल्याला त्यातलं किती मिळालं हा वेगळा धागा होईल.

सांखळीकर
येनचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. लहान-मोठं सोडा, दिशा बघा. १९६६ नंतर डॉलरला साडेसात रुपये आणि ३६० येन, म्हणजे एका रुपयाला ४८ येन. आज दोनही मिळत नाहीत. ज्यांनी आपलं खनिज नेऊन पोलाद केलं त्यांचं चलन आपल्यापुढे पंचवीसपट चढलं. खनिज खणून विकणारा उतरला, पोलाद विकणारा चढला. मला अब्रूची नाही, याची खंत आहे.

पेडण्याची सून
तुम्ही सगळे दिनार म्हणजे दगडावरची रेघ असल्यासारखं बोलताय. १९९० विसरलात? २ ऑगस्टला इराक कुवेतमध्ये शिरला, इराकी दिनार कुवेतीच्या बरोबरीचा ठरवला आणि मग कुवेती नोटा बादच केल्या. आमचे मामेसासरे अम्मानवरून एअर इंडियाच्या विमानाने परत आले, खिशात दिनारांची पुडकी घेऊन. इथे त्यांना कोणी विचारेना. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला ड्राफ्ट पाठवले होते ते वाचले, चांगला भाव येईल म्हणून तिकडेच साठवणारे अडकले. कुवेत सुटल्यावर १९९१ मध्ये नव्या नोटा आल्या, लुटलेल्या बाद झाल्या.

त्याच जुलैत इथे सरकारने दोन टप्प्यांत रुपया उतरवला, डॉलर २१ वरून २६ च्या घरात. दिनारवाल्यांनी तेव्हा खरं तर पेढे वाटायला हवे होते, पण वाटणार कोण? नोकरीच गेलेली, माणसं घरी बसलेली आणि बाजारात सगळं महाग. दर चांगला आणि पाठवायला काही नाही, हेही गोव्याने बघितलंय.

कोलवाळकर
वयनी, हे मान्य. म्हणूनच आमच्याकडे पगार झाला की पैसे लगेच यायचे, दर बघत बसायची पद्धत नव्हती. पण त्यावरून रुपया पडू नये असं कसं ठरतं?

सांखळीकर
ठरतं असं की खनिज तेल आपण डॉलरमध्ये घेतो. रुपया पडला की तुझ्या घरी चार पैसे जास्त येतात, पण गॅस, पेट्रोल आणि फेरीबोटीच्या डिझेलचा भार ज्याच्या घरी दिनार नाही तोही उचलतो. वर गल्फचा पैसा जमिनीत गेला. माझ्या भाच्याला पर्वरीत दोन खोल्यांचा फ्लॅट परवडत नाही.

कोलवाळकर
तेलाचं एक वेळ घेतो. पण पर्वरीचं खापर आमच्या डोक्यावर फोडू नका हं काका. तिथे बुकिंग करणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर बघा, अर्ध्या दिल्ली-मुंबईच्या. त्यांनी सगळं रुपयातच घेतलंय.