विमागणिताचा अभ्यास आणि आपला सोयाबीन

दारव्हा तालुक्यातील मुलीने बारावीनंतर विमागणित (विम्यातील जोखीम, हप्ता आणि भरपाई यांचे गणित) आणि वित्तीय जोखीम हा पदवीचा विषय घ्यावा काय, या प्रश्नावर हे शिक्षण केवळ मुंबईतील कंपन्यांच्या कामाचे आहे, असे उत्तर कोणी दिले, ते मला पटत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागील सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पन्नाच्या पाच वर्षांची सरासरी काढून, तिला जोखीम स्तराने, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विमा संरक्षण आहे त्या प्रमाणाने, गुणून उंबरठा उत्पन्न ठरवण्याची पद्धत आहे; उत्पन्न या उंबरठ्याखाली गेले, तरच भरपाई मिळते. समजा, सोयाबीनची ही सरासरी हेक्टरी १२०० किलो आणि जोखीम स्तर ७० टक्के असेल, तर उंबरठा ८४० किलो येतो; महसूल मंडळाचे, म्हणजे काही गावांच्या गटाचे, सरासरी उत्पन्न ६३० किलो, म्हणजे उंबरठ्याहून एक चतुर्थांश कमी निघाले, तर विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई बसते. पण मंडळाची सरासरी बरी राहिली आणि एखाद्याचेच शेत खोडमाशीने गेले, तर त्याच्या पदरी काही पडत नाही, आणि मंडळाची सरासरी व एकट्याचे नुकसान यांतला हा फरक कसा कमी करावा हा विमागणिताचाच प्रश्न आहे. तो सोडवणारी माणसे आपल्या शिवारातून गेलेली असावीत, असे मला मनापासून वाटते.

पदवीने मात्र कोणी विमागणक होत नाही. भारतीय विमागणक संस्थेच्या प्रवेश परीक्षेपासून पुढचे पेपर स्वतंत्रपणे द्यावे लागतात, तेव्हा मुलीने संख्याशास्त्र आतापासूनच पक्के करावे.