सोसायटीमागच्या प्लॉटवर हुरड्याची आगटी लावली तर चालते का?

जुळे_सोलापूरकर:
मंडळी, आमची सोसायटी विजापूर रोडला आहे आणि मागं एक प्लॉट रिकामाच पडलाय. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तिथं हुरडा करायचा विचार आहे, मेव्हणा गावाकडून गुळभेंडीची कणसं आणतो म्हणालाय, गोवऱ्यापण आणेल. पण वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात उघड्यावर पेटवायला बंदी आहे, पाच हजार दंड बसतो. आता गंमत अशी की हेच काका रोज सकाळी गेटसमोर कडुनिंबाचा पाला झाडून, त्यात दुधाच्या पिशव्या घालून काडी लावतात, आमच्या आईला त्या धुरानं रोज पंप घ्यावा लागतो. खरंच नियम आहे का उगंच?

कागदी_घोडा:
काकांचा आकडा बरोबर आहे फक्त पावती त्यांच्याच नावाची निघेल 😄 राष्ट्रीय हरित लवादानं 22 डिसेंबर 2016 ला उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, साधं जाळलं तर 5,000 आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर 25,000. घनकचरा नियमातपण रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा जाळू नये असं आहे, आणि बागेतला पाला आपल्याच आवारात वेगळा साठवायचा. गोवऱ्या काय कचरा नव्हे. पण खाऊन झालं की लोक पत्रावळ्या आणि ग्लास आगटीतच ढकलतात ना, तिथं तुम्ही आणि काका एकाच रांगेत. शिवाय निष्काळजीपणे आग लावून कुणाच्या जिवाला धोका झाला तर न्यायसंहितेचं कलम 287 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि प्लॉट कुणाचा आहे? त्याला विचारलं का?

कडब्याची_गंज:
काय बे, प्लॉटवर कुठं आगटी लावालास! जानेवारीत तिथलं गवत कागदासारखं वाळलेलं असतंय, वर बाजूला गाड्या लावलेल्या. आगटी म्हणजे शेकोटी नव्हं, हातभर खड्डा काढायचा, गोवऱ्या जाळून जाळ बसू द्यायचा आणि नुसत्या आरावर कणसं खुपसायची. जाळ दिसत नाही म्हणून तर माणूस फसतोय. मागल्या साली आमच्या बांधाला लागून एकानं आगटी केली, राख वरनं पांढरीफेक, विझली म्हणून सगळे जेवायला उठले, दुपारी वारं सुटलं आणि अर्धी गंज गेली. तवापासून आमच्यात दोन घागरी पाणी वतून, काठीनं ढवळून, परत पाणी वतून माती लोटल्याशिवाय कोण उठत नाही.

गड्ड्याची_यात्रा:
मग नान्नजकडं जावा की, मस्त मोकळं माळरान आहे.

कागदी_घोडा:
अहो तिथं माळढोकचं अभयारण्य आहे!! वन्यजीव कायदा 1972, कलम 30, अभयारण्यात आग लावायचीच नाही, पेटती सोडून यायची तर बातच नको. शेतातच करा, शेतमालकाला विचारून.

जुळे_सोलापूरकर:
बरं प्लॉट कॅन्सल. गंजवाले दादा, तुमच्याच रानात आलो तर चालेल का? पंधरा-वीस माणसं, पोरं धरून. काकांनापण आणतो, पाला मात्र घरी ठेवून 😂

कडब्याची_गंज:
या की. गोवऱ्या हायत, शेंगाचटणी हाय. चोळायला गोणपाट आणि दही तुमचं.