मदत हवी आहे: व्हिडिओ कॉलवर नात दिसते, पण माझा आवाज तिला जात नाही

नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते. मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. मुलगी जर्मनीत असते, नात सात वर्षांची. मोबाईलवर बोलणं होतं, पण माझ्या डोळ्यांना त्यातला चेहरा फार बारीक पडतो. म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर (विंडोज १०) दुरुस्त करून घेतला आणि यूएसबीचा वेबकॅम बसवला. मुलगी गूगल मीटची लिंक पाठवते, ती मी क्रोममध्ये उघडते. इथपर्यंत जमतं.

रविवारी रात्री आठला, म्हणजे तिकडच्या दुपारी साडेतीनला, कॉल लागला. नात छान मोठी दिसली, तिचा आवाजही आला. पण ती सारखी "आज्जी, बोल की गं" म्हणत होती आणि मी तर बोलतच होते. शेवटी कपाटातली पाटी काढली, "आवाज येतो का?" असं ठळक लिहून कॅमेऱ्यासमोर धरली. तर माझ्या चौकटीत सगळी अक्षरं उलटी! ती आत्ता कुठे मराठी वाचायला लागली आहे. उलटी अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे नकोत म्हणून मी घाईनं पाटी खाली घेतली. तिला ती खरंच तशी दिसली असतील का?

दुसरी अडचण. चॅटमध्ये तिला दोन ओळी लिहायच्या म्हटलं तर कन्नड अक्षरं उमटतात. दुरुस्तीवाल्या मुलानं कन्नड कीबोर्ड घालून दिलाय. मला कन्नड येतं, नातीला कुठलं येणार?

तो मुलगा गुणी आहे, हाक मारली की येतो. पण भराभर बटणं दाबतो, "झालं बघा आज्जी" म्हणून निघतो, आणि पुढच्या वेळी मी पुन्हा तिथंच अडकते. मला हे स्वतः शिकायचं आहे. कुठं दाबायचं आणि दाबल्यावर काय दिसतं, ते सांगा. मी वहीत उतरवून घेईन.

प्रतिसाद, निपाणीहून:
बाई, पाटीची काळजी सोडा. आपल्याला आपली चौकट आरशासारखी दिसते, समोरच्याला अक्षरं सुलटीच दिसतात. नातीनं ती नीट वाचली असणार.

आता आवाज. आधी दोष कुठं आहे ते बघू. खाली डावीकडे विंडोजच्या चिन्हावर क्लिक करून व्हॉइस रेकॉर्डर उघडा, चार शब्द बोला आणि ऐका. ऐकू आले तर माइक चांगला आहे, घोळ मीटमध्ये आहे. कॉल चालू असताना खालच्या तीन टिंबांवर क्लिक करा, सेटिंग्ज, मग ऑडिओ. तिथं मायक्रोफोनसमोर वेबकॅमचं नाव निवडा. बहुतेक वेळा कॉम्प्युटर मागच्या गुलाबी भोकातला माइक धरून बसलेला असतो आणि तिथं काही जोडलेलंच नसतं. खालचं माइकचं बटण लाल असेल तर आवाज बंद आहे, तेही बघा.

रेकॉर्डरमध्येही काही आलं नाही, तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन इथं जाऊन परवानगी चालू आहे का पाहा. तरीही नाही, तर वेबकॅमला माइकच नसेल. काही स्वस्त वेबकॅमना नसतो. मग माइकवाला हेडफोन घ्या.

प्रतिसाद, खानापूरहून:
टायपिंगचं मी सांगतो. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज. तिथं 'ॲड अ लँग्वेज'मधून मराठी घ्या. मग मराठीवर क्लिक करून ऑप्शन्समध्ये 'मराठी फोनेटिक' जोडा. त्यात इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी शब्द येतो. कन्नडवरून मराठीवर यायला विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि स्पेसबार दाबायचा. कन्नड काढून टाकू नका, आपल्या भागात लागतंच. आणि वेळ असेल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी, शिका असं मी आग्रहानं सांगेन. त्यात मराठी 'क' ज्या बटणावर, कन्नडचा 'क'ही त्याच बटणावर. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा लिहिता येतात.

मूळ प्रश्नकर्ती:
आवाज तिच्यापर्यंत गेला! रेकॉर्डरमध्ये माझं बोलणं ऐकू आलं, आणि मीटमध्ये गुलाबीवालाच माइक निवडलेला होता. नात म्हणाली, पाटी तिनं तेव्हाच वाचली होती, "नाही येत" असं ओरडून सांगतही होती. चॅटमध्ये तिचं नाव मराठीत लिहिलं, तिनं मोठ्यानं वाचलं. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आता जांबोटीकडच्या माझ्या बहिणीलाही त्याच कॉलवर घ्यायचं आहे. चालेल का?

प्रतिसाद, निपाणीहून:
चालेल की. तीच लिंक बहिणीला पाठवा. फक्त तीन किंवा जास्त ठिकाणांहून जोडलात तर फुकटच्या मीटमध्ये ६० मिनिटांची मर्यादा असते, संपली की पुन्हा जोडायचं. त्यांच्याकडे रेंज कमी असेल तर कॅमेरा बंद ठेवायला सांगा, आवाज तरी तुटणार नाही.