साठ हजारांवर अठ्ठेचाळीसशे व्याज? आधी आरडीचा हिशोब नीट करा

बेरीज_वजाबाकी
काल एकाची पोस्ट वाचली आणि डोकं सणकलं. मथळा: 'बचत खात्यात पैसा ठेवणारे अडाणी'. मजकूर असा की सरकारी बँक अडीच टक्के देते, एक छोटी बँक आरडीवर (दरमहा ठराविक हप्ता भरायची ठेव) आठ टक्के देते, महिना ५००० टाका, वर्षात ६०,००० भरा आणि ४८०० व्याज घ्या. खाली 'अगदी बरोबर', 'डोळे उघडले' यांची रांग. गुणाकार करावासा एकालाही वाटला नाही.

अहो, आरडीत पहिला हप्ता बारा महिने राहतो, दुसरा अकरा, शेवटचा जेमतेम एक. सरासरी काढा, वर्षभर बँकेकडे तुमचे ३२,५०० असतात. त्यावर आठ टक्क्यांनी २६०० रुपये, तिमाही चक्रवाढ धरून थोडे वर. तेच पैसे बचत खात्यात पडून असते तरी आठशे सुटलेच असते. म्हणजे सगळी उलाढाल करून जास्तीचे अठराशे. महिन्याला दीडशे! त्यातून स्लॅबप्रमाणे कर. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजाला दहा हजारांपर्यंत वजावट आहे, साठीच्या आतल्यांना आरडीवर तीही नाही. एवढ्यासाठी नवी बँक, नवी केवायसी, नवं ॲप, आणि वर पैसे अडकवून ठेवायचे? मी हलवणार नाही. ज्यांना हलवायचे त्यांनी खुशाल हलवा, पण अडाणी कोणाला म्हणता?

कळवा_लोकल
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. दीडशे रुपयांसाठी आरडी कोणीच काढत नाही हो. पैसे डोळ्यांआड जावेत म्हणून काढतात. माझ्या बचत खात्यात वीस हजार दिसले की महिनाअखेरीला तीन उरतात. कुठे गेले विचाराल तर यूपीआयच्या यादीत चहा, रिक्षा, चहा, पुन्हा रिक्षा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता कापला जायला लागला तेव्हा पहिल्यांदा गणपतीचा खर्च क्रेडिट कार्डाशिवाय झाला. व्याज किती मिळालं ते मी पाहिलंही नाही.

बेरीज_वजाबाकी
मग आठ टक्क्यांची जाहिरात कशाला? स्वतःच्या हातावर विश्वास नाही म्हणून कुलूप लावा असं सरळ लिहा. ते मान्य करीन.

निवृत्त_शाखाधिकारी
दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडताय. साठ हजार आधीच बचत खात्यात पडलेत की दरमहा पगारातून उरणार आहेत? पडलेले असतील तर आरडी हवीच कशाला? थेट एक वर्षाची एफडी, म्हणजे मुदत ठेव, करा. सात टक्के धरले तरी ४२०० च्या वर मिळतात, कारण पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून व्याजाला लागते. असलेले पैसे बचत खात्यात ठेवून त्यातून दरमहा आरडीत ओतत बसणारे मी काउंटरवर आयुष्यभर पाहिले. समजावलं की म्हणायचे, 'साहेब, आमच्याकडे आरडीच करतात.'

आणि बचत खात्याला नावं ठेवणाऱ्यांना सांगतो, ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळायचं. ११ तारखेला पगार जमा झाला तर त्या महिन्याला त्यावर भोपळा. आता रोजच्या शिलकीवर मिळतं, त्याचं कौतुक कोणाला नाही.

थेम्सकाठी
इंग्लंडातही हाच घोळ आहे. इथे 'रेग्युलर सेव्हर' खाती असतात. सात टक्के मोठ्या अक्षरात, महिन्याला दोनशे-अडीचशे पौंडच भरता येतील हे बारीक अक्षरात. वर्षअखेरीला अर्धंच व्याज हातात पडलं की लोक बँकेवर चिडतात.

खडूस_काकू
आमच्या दीडशे रुपयांत तुमचे पौंड कुठे आणता. पुढे चला.

विमा_नको_रे_बाबा
आरडी काढा म्हणणाऱ्यांनो, ती काढायला शाखेत जाऊन बघा. माझे सासरे गेले होते. काचेमागच्या पोराने 'काका, यात आरडीपेक्षा जास्त मिळतं, पाच वर्षंच भरायचं' म्हणत तीन ठिकाणी सह्या घेतल्या. पुढच्या वर्षी विमा कंपनीचं हप्त्याचं पत्र आलं तेव्हा कळलं की आरडी नव्हतीच. पॉलिसी परत करायची मुदत केव्हाच उलटलेली. मॅनेजरकडे गेलो तर म्हणे, सही तुमचीच आहे ना? त्यामुळे कुठलंही खातं मोबाईलवरून उघडा, शाखेची पायरी चढू नका.

निवृत्त_शाखाधिकारी
त्या पोराला वरून टार्गेट असतं, एवढंच सांगतो. समर्थन करत नाही.

पिठलं_भाकरी
तुम्ही शहरी मंडळी सात आणि आठवर अडकलात. आमच्या पतसंस्थेत आरडीला साडेनऊ. चेअरमन गावचेच, घर माहीत, शेत माहीत. पिग्मीचा, म्हणजे रोजच्या बचतीचा, एजंट दुकानात येतो. ना ॲप, ना पासवर्ड.

खडूस_काकू
आलंच का हे! चेअरमनचं शेत माहीत असून काय करणार, नांगरणार? आमच्या तालुक्यातल्या पतसंस्थेचे चेअरमनही घरचेच होते, माझ्या बारशाला जेवून गेलेले. आईने शिवणकामाचे पैसे रोज पिग्मीत टाकले. एजंटच्या हातातल्या मशीनमधून चिठ्ठी निघायची, ती आई बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. संस्था बुडाली, गाशा गुंडाळायला अवसायक नेमला, दावा लावायला डबा घेऊन गेलो तर निम्म्या चिठ्ठ्यांची शाई उडालेली. कोरे कागद. कारकून म्हणतो, पासबुकात नोंद कुठाय? पासबुक एजंटकडे, एजंट सुरतेला. कर्जं कोणाला दिली होती? संचालकांच्या मेहुण्यांना. साडेनऊ टक्के म्हणे!

पिठलं_भाकरी
तुमच्या आईचं वाईट झालं, पण एका संस्थेवरून सगळ्यांना चोर ठरवू नका. मला टपरीसाठी चाळीस हजार हवे होते तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेने तीन वर्षांचे रिटर्न मागितले. टपरीवाला रिटर्न कुठून आणणार? पतसंस्थेने पिग्मीचा रोजचा भरणा पाहिला आणि चार दिवसांत कर्ज दिलं. आणि मोठ्या बँकांचं काय सांगता? पुण्याची रुपी बँक काय पतसंस्था होती? २०१३ पासून निर्बंध, २०२२ मध्ये परवाना रद्द. मुंबईच्या पीएमसी बँकेला २०१९ मध्ये टाळं लागलं तेव्हा सुरुवातीला हजार रुपये काढायची परवानगी होती, हजार! रिझर्व्ह बँक मुंबईतच बसली होती ना?

निवृत्त_शाखाधिकारी
फरक समजून घ्या, मग ओरडा. रुपी असो, पीएमसी असो, त्या सहकारी *बँका* होत्या, म्हणून ठेव विमा होता, म्हणजे बँक बुडाली तरी ठराविक मर्यादेपर्यंत ठेव परत मिळते. फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की नव्वद दिवसांत ही रक्कम ठेवीदाराला मिळायला हवी. पतसंस्थेला हे संरक्षण शून्य. तिथे सहकार खातं आणि अवसायक, आणि काकूंनी सांगितलेला डबा.

पिठलं_भाकरी
पाच लाख, पाच लाख! जन्मभर साठवलेले बारा लाख ज्यांचे अडकले त्यांना विचारा.

निवृत्त_शाखाधिकारी
त्यात तुमचं खरं आहे. लोकांना वाटतं प्रत्येक खात्याला पाच लाख. तसं नाही. एका बँकेत एकाच नावावरची बचत, एफडी, आरडी, सगळ्या शाखांतली, व्याज धरून, मिळून पाच लाख. पाच लाखांची एफडी केली तर तिच्यावर चढलेलं व्याज विम्याबाहेर. छोट्या बँकेत ठेवायचे तर साडेचारवर थांबावं.

कळवा_लोकल
म्हणजे पाच लाखांच्या आत असेल तर छोट्या बँकेत आठ टक्के घ्यायला हरकत नाही, असंच ना? बेरीज साहेब, ऐकताय?

बेरीज_वजाबाकी
ऐकतोय. नव्वद दिवस मुलीची कॉलेजची फी कुठून भरायची तेवढं सांगा, लगेच खातं उघडतो. तुमचे अठराशे रुपये फीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात जातील.

कळवा_लोकल
फीचे पैसे आरडीत ठेवा असं मी कुठे म्हणालो? शब्द तोंडात कोंबू नका. तुम्हाला हलवायचं नाहीये, म्हणून रोज नवीन कारण. आधी व्याज कमी, मग केवायसीचा कंटाळा, आता कॉलेज. खात्यात किती पडलेत ते एकदाही सांगितलं नाही.

बेरीज_वजाबाकी
ते तुम्हाला का सांगू?

खडूस_काकू
भांडा. मी पोस्टात आरडी काढली आहे, ६.७ टक्के, पाच वर्षं. सरकारची हमी, पाच लाखांची भानगड नाही. वाईट एकच, तीन वर्षांआधी मोडता येत नाही आणि नंतर पाचाच्या आत मोडली तर बचत खात्याचे चारच टक्के. हप्ता चुकला तर शंभराला रुपया दंड. आमच्याकडे एजंटबाई घरी येतात, पण पैसे दिले की त्यांच्या कार्डावर सही घेते आणि दर तिमाहीला पासबुक पोस्टात स्वतः नेऊन छापून आणते. काउंटरवरची बाई वैतागते, वैतागू दे.

विमा_नको_रे_बाबा
काकू, तिथेही विमा विकतात हं. डाक जीवन विमा.

खडूस_काकू
विचारला होता. नको म्हटलं, गप्प बसली. तुमच्या सासऱ्यांनी तेवढं म्हणायचं होतं.

विमा_नको_रे_बाबा
त्यांचं वय अडुसष्ट आहे. कुत्सितपणा पुरे.

बेरीज_वजाबाकी
शाखाधिकारी साहेबांचं एक पटलं. माझे पडलेलेच आहेत, तेव्हा आरडीचा प्रश्नच येत नाही. निम्मे आहे त्याच बँकेत वर्षाच्या एफडीला टाकतो, तेही दोन तुकड्यांत, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. कळवाकरांनी जिंकलो म्हणून नाचू नये. आठ टक्क्यांच्या बँकेत अजूनही जात नाहीये.

कळवा_लोकल
नाचत नाही. महिनाअखेर आहे.

पिठलं_भाकरी
शाखाधिकारी साहेब, भांडण म्हणून नाही, माहिती म्हणून विचारतो. पतसंस्थेतली आरडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात?

निवृत्त_शाखाधिकारी
प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. पावतीच्या मागे छापलेला असतो. नसेल तर चेअरमनचं घर माहीतच आहे तुम्हाला.