कुणीच पाहत नसेल, तरी जग असतं का?

धागाकर्ता: माझं उत्तर ठाम 'हो', आणि कारण नेपच्यून. युरेनस गणिताने काढलेल्या जागी सापडेना, तेव्हा पलीकडचा एखादा ग्रह त्याला ओढत असणार, असा हिशेब फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी मांडला. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री जर्मन खगोलशास्त्रज्ञ गाले यांनी दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत तो दिसला. त्याआधी गॅलिलिओने १६१२ मध्ये तो पाहिला होता, पण तारा समजून नोंदला. 'नेपच्यून' कुणाच्याच मनात नव्हता, तरी युरेनस ओढला जातच होता. कोण ओढत होतं?

प्रतिसाद: 'ग्रह', 'ओढ', 'अंश' ही मांडणी आपल्याच मनाची ना? एक करून बघा. कागदावर फुली काढा, तिच्या उजवीकडे चार बोटांवर ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो. तिथे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो! तो कोरेपणा कुणी रंगवला? मॅजेंटा (गुलाबी-जांभळ्या) रंगाला तर स्वतःची एकही तरंगलांबी नाही. तरी तो आपल्याला लख्ख दिसतो.

धागाकर्ता: रंग मनाचे, कबूल. पण ठिपका कागदावर होताच, म्हणून तर 'डोळा फसला' म्हणता येतं. फसायलाही बाहेर काहीतरी लागतं.

दुसरा प्रतिसाद: शंकराचार्यांचं नाव घेऊन 'सगळं मनातच' म्हणणाऱ्यांनी ब्रह्मसूत्रभाष्य उघडावं. विज्ञानवाद्यांना, म्हणजे 'बाहेर वस्तू नाहीत, आहे ते फक्त ज्ञान' म्हणणाऱ्या बौद्धांना, ते सुनावतात की खांब किंवा भिंत बघताना कुणी आपलं ज्ञान बघत नसतं, खांब आणि भिंतच बघतं. माया मानणारा आचार्य इथे बाह्य वस्तूची बाजू लढवतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

पहिला प्रतिसाद: स्वप्नातला खांबही बाहेरच दिसतो की! विज्ञानवादी बौद्ध आचार्य वसुबंधूंचा मुद्दा हाच आहे.

दुसरा प्रतिसाद: त्यालाही शंकराचार्यांच्या भाष्यात तिथेच उत्तर आहे. स्वप्नातलं जाग आल्यावर खोटं ठरतं, जागेपणीचा खांब तसा कुठल्याही अवस्थेत खोटा ठरत नाही.

पहिला प्रतिसाद: वसुबंधू म्हणतात, जाग येईपर्यंत स्वप्न स्वप्न आहे हे कळत नाही. तुम्ही पूर्ण जागे आहात, हे कशावरून?

धागाकर्ता: याला माझ्याकडे पुरावा नाही. पण स्वप्नात मला आजवर एकदाही असं काही भेटलं नाही, जे आधी गणिताने सांगावं आणि मग नेमकं तिथेच सापडावं.