तयार आयएसओ नकोच, मूळच घ्या

कुणीतरी म्हटलंय की टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकायचं तर कुणीतरी आधीच 'फेरफार करून ठेवलेली' आयएसओ (विंडोज टाकायची अख्खी फाइल) उतरवणं सोपं. सोपं आहे खरं, पण त्याची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मूळ फाइल घ्या आणि त्यातून विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह रुफस या मोफत प्रोग्रामने बनवा. टीपीएम २.०, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय) आणि ४ जीबी रॅमची अट काढून टाकायची का, हे तो स्वतःच विचारतो. म्हणजे तयार आयएसओवाला जे करतो तेच, फक्त तुमच्या डोळ्यांसमोर.

मूळ फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ठशासारखा आकडा, जुळवून बघता येतो. बदललेल्या फाइलचा हॅश मूळ फाइलशी जुळणारच नाही, मग आत अजून काय घुसवलंय हे ओळखणार कसं? अँटिव्हायरसच्या भरवशावर राहू नका. तो त्याच सिस्टिमच्या डोक्यावर बसून चालतो, पायाच पोखरलेला असला तर त्याला काय दिसणार! अशा फायलींत डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) आणि अपडेट सेवा 'वेग वाढावा' म्हणून अनेकदा आधीच उडवलेल्या असतात, तो वेगळा ताप.

एक मात्र ध्यानात असू द्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना (प्रोसेसरच्या अंगभूत क्षमता) लागतात. इंटेलच्या जुन्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरच्या काळातल्या मशीनवर त्या नाहीत, आणि तिथे या आवृत्तीची कुठलीही जुगाडू आयएसओ चालत नाही. तिथे विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. बाकीच्यांना दरमहाचे अपडेट सहसा येतात, पण वार्षिक मोठी आवृत्ती हाताने चढवावी लागते. त्याआधी बॅकअप घ्या.